समजून घ्या : ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ची रस्त्यावरची चाचणी कोर्टात कधी टिकते, कधी पडते?

पावसाळ्यातला रविवार. नाणेघाटाच्या पठारावर धुके, जीवधनच्या पायथ्याशी गाड्यांची रांग. संध्याकाळी घाटघर सोडून सगळे जुन्नरच्या दिशेने निघतात आणि वाटेत नाकाबंदी लागते. समजा, तुमच्या गाडीची काच खाली झाली, यंत्राची नळी तोंडासमोर आली आणि ‘जोरात फुंका’ असा हुकूम झाला. पडद्यावर आकडा आला ३८. दुपारी एक बिअर घेतली होती, आता चार तास झाले, असे तुमचे म्हणणे. किंवा तुम्ही थेंबही घेतलेला नाही आणि तरी आकडा आला. अशा वेळी तो आकडा अंतिम असतो का? त्याला आव्हान देता येते का?

देता येते. पण ज्या गोष्टींवर लोक रस्त्यात हुज्जत घालतात, त्यातल्या बहुतेक कोर्टात कामाच्या नसतात. आणि ज्यांवर खटले उभे राहतात किंवा कोसळतात, त्या गोष्टींची नोंद त्या रात्री कोणी करून ठेवलेली नसते.

रेषेवर चालून दाखवले, मग?

मोबाइलवरच्या रील्समध्ये अमेरिकी पोलीस चालकाला एका रेषेवर नऊ पावले चालायला लावतात, एका पायावर उभे करतात, डोळ्यांसमोर पेन फिरवून बुबुळे कशी हलतात ते बघतात. तिथे या तीन चाचण्यांचे ठरावीक प्रमाण आहे आणि त्यांना आव्हान देणे हा वकिलांचा रोजचा धंदा आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात अशा चाचणीचा उल्लेखच नाही. त्यामुळे ‘मी सरळ चालून दाखवतो’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद दोन्ही बाजूंनी फोल आहे. सरळ चाललात म्हणून सुटत नाही आणि अडखळलात एवढ्यावरून दोषी ठरत नाही.

दुसरा भाग सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगून ठेवला आहे. बचूभाई हसनअली कारयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७१ चा निकाल. मोटार अपघाताच्या या प्रकरणात मुंबई दारूबंदी कायद्याचे कलमही लागले होते. डॉक्टरांचा निष्कर्ष चार गोष्टींवर उभा होता : तोंडाला दारूचा वास, डळमळीत चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या. रक्त किंवा लघवी तपासलेली नव्हती. एवढ्यावरून दारू प्यायल्याचा गुन्हा सिद्ध होत नाही, असे न्यायालय म्हणाले. नुकत्याच झालेल्या प्रसंगाने हादरलेल्या माणसाची चालही डळमळू शकते, हा मुद्दा त्यात होता. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही आरोपीचे वकील हा निकाल काढतात.

मात्र याच्या उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. सरकारी दवाखान्यातल्या दाखल्यावर बऱ्याचदा ‘मद्य घेतले आहे, पण अमलाखाली नाही’ असा शेरा असतो. तो वाचून लोक निर्धास्त होतात. कलम १८५ मध्ये दारूसाठी ‘अमल’ हा निकषच नाही, तो अमली पदार्थांसाठी आहे. दारूच्या बाबतीत फक्त आकडा बघितला जातो : १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क. त्याच्या वर गेलात तर तुम्ही कितीही सावध असा, गुन्हा आहे. पट्टीचा पिणारा ८० आकड्यावरही नीट बोलतो. कायद्याला त्याचे कौतुक नाही.

फुंकर मारायला कोण सांगू शकतो?

गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी. साध्या कपड्यातला माणूस किंवा नाक्यावर मदतीला उभा असलेला स्वयंसेवक नव्हे. कलम २०३ नुसार चालकाने दारू घेतल्याचा वाजवी संशय असायला हवा आणि तो सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवत असला किंवा चालवण्याच्या प्रयत्नात असला पाहिजे. नाकाबंदीत सरसकट सगळ्यांना नळी दिली जाते, तेव्हा ‘वाजवी संशय’ कुठे आला, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत रास्त आहे. पण वास आला किंवा गाडी हेलकावे खात होती, एवढे कारण नोंदवलेले असले, तर त्यावर फार काळ लढता येत नाही.

‘चालवत असला पाहिजे’ हा मुद्दा जास्त वजनदार आहे. पठारावर गाडी उभी करून मागच्या सीटवर झोपलेला माणूस प्यायलेला असेल, सार्वजनिक ठिकाणी पिण्याबद्दल त्याच्यावर वेगळी कारवाई होऊ शकेल. पण तो गाडी चालवत होता, हे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते. अपघातानंतर चालकाच्या सीटवर नेमके कोण होते, हा वाद तर महाराष्ट्राने टीव्हीवर वर्षानुवर्षे पाहिला आहे.

यंत्र चुकते का?

यंत्र रक्त तपासत नाही, श्वास तपासते. श्वासातल्या मद्यार्काचे प्रमाण मोजून ते साधारण २,१०० पटीने गुणते आणि रक्तातला आकडा ‘सांगते’. हे गुणोत्तर सरासरी आहे, माणसागणिक ते थोडे बदलते. म्हणून ३२ आणि ३८ यांसारख्या काठावरच्या आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ असतो, १६० वर नसतो.

दुसरी गोष्ट तोंडात उरलेल्या मद्यार्काची. माउथवॉश, मद्यार्कयुक्त खोकल्याचे औषध, होमिओपॅथीचे थेंब, नुकतीच आलेली ढेकर यांमुळे काही मिनिटे खोटा आकडा येऊ शकतो. केरळमध्ये जुलै २०२५ मध्ये पंदळम आगारातल्या एसटी चालकांची गंमत झाली होती. ड्यूटीआधी पिकलेला फणस खाल्लेले चालक मशिनवर ‘प्यायलेले’ निघाले. न प्यालेल्या माणसाला फणस खायला घालून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा कोडे सुटले. कोकणातून बरका फणस आणणाऱ्यांनी हसण्यावारी नेऊ नये! उपाय साधा आहे. पंधरा ते वीस मिनिटे थांबून, पाण्याने चूळ भरून पुन्हा फुंकणे. तोंडातला मद्यार्क तेवढ्या वेळात उडून जातो, रक्तातला जात नाही. दुसऱ्या फुंकरीलाही आकडा तेवढाच असेल तर फणसाला दोष देऊ नये.

मधुमेहाचा मुद्दा वेगळा आणि गंभीर आहे. साखर एकदम खाली गेलेल्या माणसाला घाम सुटतो, तोल जातो, बोलणे अडखळते. बघणाऱ्याला तो प्यायलेला वाटतो. साखर बेसुमार वाढून शरीरात कीटोन साचले तर श्वासाला गोडसर वास येतो आणि जुन्या, स्वस्त सेमीकंडक्टर यंत्रांना तो चकवू शकतो. फ्युएल सेलवर चालणाऱ्या यंत्रांना सहसा चकवत नाही. पण तिथे खरा धोका खटल्याचा नाहीच. अशा माणसाला कोठडीत ‘उतरू दे’ म्हणून बसवून ठेवले तर जीव जाऊ शकतो. मधुमेह किंवा फिट्सचा त्रास असेल तर पहिल्या मिनिटाला सांगा आणि डॉक्टरांना ते कागदावर लिहायला लावा.

यंत्राबद्दल कोर्टात टिकणारे प्रश्न तीन-चारच आहेत. केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे मान्यता दिलेल्या प्रकारचे यंत्र होते का? त्याची तपासणी शेवटची कधी झाली? फुंकण्याआधी रिकामे यंत्र शून्य दाखवत होते का? नळी नवी होती का? यातला शून्याचा प्रश्न किरकोळ नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका चालकावरचा खटला रद्द केला, कारण चाचणीआधीच्या ‘ब्लँक’ फुंकरीला यंत्राने शून्य दाखवले नव्हते. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात मांडता येतो. तुमच्या पातळीवर करायचे ते इतकेच : नवी नळी मागा, शून्य दाखवायला सांगा, छापील पावतीवरची वेळ आणि यंत्राचा क्रमांक वाचूनच सही करा. को­ऱ्या कागदावर सही करू नका. आवाज न चढवता सांगितले तर बहुतेक पोलीस हे करतात.

दोन तासांचे घड्याळ

आकडा दिसल्यावर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. इथून एक घड्याळ सुरू होते, ज्याची माहिती फार थोड्यांना असते. कलम २०२ म्हणते की, कलम १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावे लागते. पुण्याच्या पेठेत दोन तास म्हणजे चंगळ. घाटघरहून जुन्नर सुमारे तीस किलोमीटर, पावसात धुक्यातला वळणावळणाचा रस्ता, पोलीस ठाण्यातले कागदपत्र, मग दवाखाना आणि रात्रपाळीच्या एकट्या डॉक्टरांपुढे आधीच सर्पदंशाचा रुग्ण. इथे दोन तास कसे जातात कळत नाही.

पण ‘दोन तास उलटले, केस संपली’ हे खरे नाही. कायद्याने सांगितलेला परिणाम कोठडीतून सुटकेचा आहे, निर्दोष ठरण्याचा नाही. उशीर का महत्त्वाचा ठरतो, त्याचे कारण शरीरात आहे. मद्यार्क रक्तातून साधारण ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी होतो. शेवटच्या घोटानंतर अर्धा ते दीड तास तो वाढतही असू शकतो. त्यामुळे रात्री नऊला गाडी चालवताना किती होता, हे अकराच्या रक्तावरून सांगायचे तर वेळा मिनिटासह माहीत हव्यात. अटकेची वेळ अटकेच्या कागदावर असते. त्यावर सही करण्याआधी ती वेळ बघा. चुकीची असेल तर तिथेच सांगा.

आणखी एक तरतूद वापरलीच जात नाही. अटक केलेल्याला पोलीस ठाण्यात पुन्हा फुंकर मारण्याची संधी द्यावी, असे कलम २०३ च्या पाचव्या उपकलमात आहे. नाक्यावरचा आकडा ३८ आणि तासाभराने ठाण्यातला १२ असेल, तर त्या दोन पावत्या शेजारी ठेवून वकिलाला बोलता येते. संधी मागा. मागितल्याची नोंद करायला सांगा.

रक्ताच्या कुपीचा प्रवास

खरी लढाई इथे असते. कलम २०४ खाली डॉक्टर रक्त घेतात. महिला चालकाचे रक्त पुरुष डॉक्टर घेणार असतील तर दुसरी स्त्री हजर असावीच लागते. दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे नियम रक्त कसे घ्यायचे ते स्वयंपाकाच्या पाककृतीसारखे सांगतात : त्वचा पुसताना स्पिरिट वापरायचे नाही (ते मद्यार्कच!), शिरेतून किमान पाच मिलिलीटर घ्यायचे, रक्त गोठू नये आणि टिकावे म्हणून रसायन घातलेल्या कुपीत भरून हलवायचे, चिठ्ठी लावून सील करायचे आणि सात दिवसांत तपासनिसाकडे पोहोचवायचे. पुणे जिल्ह्यासाठी अशी तपासणी करणारी प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा गणेशखिंडीत आहे. जुन्नरच्या दवाखान्यातून तिथे कुपी पोहोचेपर्यंत ती कोणाच्या हातात, कोणत्या फ्रीजमध्ये होती, याची साखळी अखंड दाखवावी लागते.

हा प्रश्न आजचा नाही. जळगाव जिल्ह्यातल्या १९६१ च्या एका अपघातात एरंडोलच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर खटला चालला. तो उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा वादाच्या मुळाशी रक्ताची कुपीच होती. ती घेतल्यापासून तपासणीपर्यंत कुठे आणि कशी ठेवली होती, याचा धड पुरावाच आला नव्हता. सगळा खटला नव्याने चालवण्याचा आदेश न्यायालयाने रद्द केला. गरज असेल तर अपिलातच जादा पुरावा घ्यावा, असे सांगितले.

चाळीस वर्षांनी तोच प्रश्न वांद्र्यात. सलमान खानच्या गाडीचा अपघात २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे झाला. एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. रक्त घेतले गेले त्याच दिवशी दुपारी. अहवालात १०० मिलिलीटरमागे ६२ मिलिग्रॅम मद्यार्क, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मद्यप्राशन संशयातीतपणे सिद्ध झाले नाही, हे त्यामागचे एक कारण होते. सहा मिलिलीटर रक्त घेतल्याचे सांगितले गेले, प्रयोगशाळेत चार पोहोचले. उरलेले दोन कुठे गेले, याचे पटणारे उत्तर मिळाले नाही.

उलट, कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ रोजी पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा जीव घेणाऱ्या अ‍ॅलिस्टर परेराच्या प्रकरणात ०.११२ टक्के मद्यार्काचा अहवाल होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. कागद नीट असले की नामांकित वकिलांनाही फार काही करता येत नाही.

आणि कल्याणीनगर. १९ मे २०२४ ला पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. अल्पवयीन चालकाचे रक्त ससूनमध्ये घेतले गेले ते सकाळी अकराच्या सुमारास. ताशी १५ च्या हिशेबाने साडेआठ तासांत १२५ मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क एरवीही उतरून जातो. त्यावर कडी म्हणजे ते रक्त फेकून त्याच्या आईचे रक्त ठेवल्याचा आरोप पोलिसांनी केला, डॉक्टरांना अटक झाली. ते प्रकरण न्यायालयात आहे. कुपीवरची सही आणि सील याला एवढे महत्त्व का, हे त्या दोन घरांना वेगळे सांगायला नको. आरोपीचे वकील ज्या फटी शोधतात, त्या बुजवल्या असत्या तर मृतांच्या नातेवाइकांचाच फायदा होता.

वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला मिळण्याचा हक्क आहे; तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. प्रत मागा. त्यावर रक्त घेतल्याची वेळ आणि प्रमाण आहे का, बघा.

नकार दिला तर?

‘फुंकूच नको, मग पुरावाच नाही’ हा सल्ला पारावर हमखास मिळतो. तो वाईट सल्ला आहे. नकार देणाऱ्यालाही, दारूचा वाजवी संशय असेल तर, वॉरंटशिवाय अटक होते. कलम २०५ नुसार सबळ कारणाशिवाय दिलेला नकार सरकारी पुराव्याला बळ देणारी परिस्थिती मानता येतो. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेतला हक्क इथे उपयोगी पडत नाही. शरीराचे नमुने म्हणजे साक्ष नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या काठी कालू ओघड निकालापासून मांडले आहे. दम्यामुळे जोरात फुंकता येत नाही, हे मात्र सबळ कारण होऊ शकते. मग सरळ ‘माझे रक्त घ्या’ म्हणा.

गुन्हा कबूल करून दंड भरून टाकावा का?

हेल्मेट किंवा सिग्नलच्या चलनासारखा हा दंड मोबाइलवरून भरता येत नाही. कलम १८५ तडजोडयोग्य नाही, न्यायालयात जावेच लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. मुंबई-ठाण्याहून आलेला पर्यटक ‘जुन्नरच्या कोर्टात कोण खेटे घालणार’ म्हणून पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतो आणि दहा हजार भरून मोकळा होतो.

मोकळा होत नाही. कलम २० नुसार १८५ खाली दोषी ठरल्यास न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी परवान्यास अपात्र ठरवायचे असते. कचेरीत काम करणाऱ्याला ते त्रासाचे. पण जीप किंवा पिकअप चालवून घर चालवणाऱ्याचा तो अख्खा हंगाम असतो. शिवाय कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढच्या वेळी तो ‘दुसरा गुन्हा’ ठरतो. आकडा ३४ असेल, यंत्राची पावती नसेल, वेळांचा मेळ नसेल तर कबुलीआधी वकिलाला कागद दाखवावेत. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. आकडा १४० असेल, पावती, दाखला आणि रक्ताचा अहवाल जुळत असेल, तर प्रामाणिक वकील तुम्हाला लढायला सांगणार नाही.

कोर्टातून सुटलो, मग विमा?

इथे अनेकांचा हिशेब चुकतो. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो, विम्याच्या दाव्यात नाही. इफ्को टोकिओ विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की, श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी चालक दारूच्या अमलाखाली होता, हे विमा कंपनी इतर परिस्थितीवरून दाखवू शकते. त्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला गेला. म्हणजे १९७१ च्या निकालाने जो ‘तोंडाचा वास’ फौजदारी खटल्यात अपुरा ठरवला, तो विम्याच्या दाव्यात इतर गोष्टींसोबत पुरेसा ठरू शकतो. आकड्यावर शंका असेल तर रक्त देण्याचा आग्रह धरण्याचे हे आणखी एक कारण. तो अहवाल मर्यादेच्या आत आला, तर विमा कंपनीपुढे ठेवायला तुमच्याकडे प्रयोगशाळेचा कागद असतो.